दीड ते तीन वर्षांचं मूल: घरभर धावणाऱ्या पायांना आणि हातांना काम

मूल चालायला लागलं की घरातल्या मोठ्यांचा दिवस त्याच्या मागे पळण्यात आणि "नको, नको, हात लावू नको" म्हणण्यात जातो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, दमवा म्हणजे झोपेल. कुणी म्हणतं, एखाद्या प्ले ग्रुपला घाला. या वयाच्या मुलाला मुद्दाम दमवण्याची गरज नसते. त्याला काम हवं असतं, आणि तेही खरंखुरं: पाणी ओतायचं, वजन उचलायचं, काहीतरी इथून तिथे न्यायचं. असं काम घरात आणि सोसायटीच्या आवारात भरपूर असतं. ते मुलाच्या हाताला येईल असं मांडून ठेवणं एवढं मोठ्यांनी करायचं असतं. पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांनी आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी खालच्या क्रमाने सुरुवात करावी. पहिली पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१. घर गुडघ्यावर बसून पाहा

मूल झोपलेलं असताना अर्धा तास काढा आणि प्रत्येक खोलीतून रांगत फिरा. उभ्याने न दिसणारं सगळं तिथून दिसतं: पलंगाखाली घरंगळलेलं नाणं, टीव्हीमागची लोंबणारी वायर, टेबलक्लॉथचं खाली आलेलं टोक, ज्याच्या वर गरम चहाचा कप असतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खिडकीपासून सुरुवात करावी. ग्रिलच्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण चार इंचांपेक्षा, कमी हवी. ग्रिल असलं तरी खिडकीखाली दिवाण, स्टूल किंवा मोठी कुंडी नको. या वयात चढणं आधी जमतं आणि उतरणं बरंच नंतर.

मग बाथरूम. भरलेली बादली ही घरातली सर्वांत धोक्याची वस्तू आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून पाहताना तोल गेला की डोकं आत जातं, मुलाला स्वतःला वर ओढता येत नाही आणि आवाजही होत नाही. त्याला दोन इंच पाणीसुद्धा पुरतं. वापर झाला की बादली पालथी घालायची. पाणी ठरावीक वेळीच येत असेल आणि भरून ठेवावंच लागत असेल, तर घट्ट झाकणाचा ड्रम वापरा आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून उंचावर कडी बसवा. आतली खालची कडी काढून टाका, नाहीतर एखाद्या दिवशी मूल आत आणि तुम्ही बाहेर अशी वेळ येते.

फिनेल, अ‍ॅसिड, डांबरगोळ्या, डासांच्या मशीनची बाटली, रॉकेल, थिनर हे सगळं कुलपात किंवा माळ्यावर. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत यातलं काहीही भरून ठेवू नका. मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव्य नाही. आजी-आजोबांच्या गोळ्या उशाशी किंवा टीपॉयवर राहतात, त्यांनाही वरची जागा द्या. मुलाने यातलं काही गिळलं तर उलटी करवू नका. अ‍ॅसिड वर येताना घसा पुन्हा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसात उतरतं. डबा किंवा बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

रिमोट, वजनकाटा आणि आवाज करणारी खेळणी यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. अशा वस्तूचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती मुलाच्या वाऱ्यालाही नको.

घशात अडकणाऱ्या वस्तूंसाठी एक माप लक्षात ठेवा. साधारण सव्वातीन सेंटिमीटर व्यासाच्या गोलातून जी वस्तू पार होते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. खाण्यात शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं आणि सीताफळाच्या बिया यांची धास्ती बाळगा. शेंगदाण्याचं कूट चालतं, अख्खा दाणा नाही. द्राक्षाचे उभे चार तुकडे करायचे. मूल धावत असताना, हसत असताना किंवा गाडीत बसलेलं असताना तोंडात घास नको.

तरीही अडकलंच, तर आधी पाहा: मूल खोकत असेल, रडत असेल, तर हवा जाते आहे, त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला आणि श्वास घेता येत नसेल, तर मुलाला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या मुळाने पाच जोरदार थापा मारा. निघालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. वस्तू बाहेर पडेपर्यंत थापा आणि झटके आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, ती आणखी खाली ढकलली जाते. पोटावरचे झटके वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचे नसतात. हे वाचून पाठ होत नाही. घरातल्या प्रत्येकाने उशीवर एकदा करून पाहावं.

२. धावपळीला वाट करून द्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी. तीन तास ऐकून दडपण येतं, पण ही हालचाल पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत होते आणि त्यात चालणं, चढणं, घरात इकडेतिकडे करणं सगळं धरलं जातं. त्याच मार्गदर्शनात मुलाला बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत सलग तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये असंही म्हटलं आहे.

नुसतं गोल गोल पळणारं मूल शांत होत नाही, उलट चेकाळतं. वजन ढकलणं, ओढणं, उचलणं या कामांनी मात्र ते स्थिरावतं, कारण अंगातल्या मोठ्या स्नायूंना जोर लावावा लागतो. धुवायच्या कपड्यांनी अर्धी भरलेली टोपली मशीनपर्यंत ढकलत न्यायला सांगा. बाजारातून आल्यावर पिशवीतले बटाटे टोपलीत ठेवायला द्या, एका वेळी एकच. एक किलोत साधारण दहा-बारा बटाटे येतात, म्हणजे दहा-बारा फेऱ्या. ओट्यापासून टोपली सहा-सात पावलांवर ठेवा.

या वयात मूल वस्तू फेकतं. तो हट्ट नसतो, हाताला नवं कौशल्य आलेलं असतं. रागावून फेकणं थांबत नाही, म्हणून फेकायला योग्य वस्तू द्या. जुन्या मोज्यांच्या जोड्या गुंडाळून आठ-दहा गोळे करा, प्लास्टिकचं घमेलं दोन फुटांवर ठेवा. सगळे गोळे आत पडायला लागले की तीन फूट. वाटी फेकली तर एवढंच म्हणायचं: "वाटी ठेवायची, मोजा फेकायचा," आणि मोजा हातात द्यायचा. फुगे मात्र टाळा, फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेत चिकटून बसतो.

पावसाळ्यात घरात अडकल्यावर दोन खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा, जमिनीवर तीन उशा ओळीत ठेवून डोंगर, खडूने आखलेल्या रेघेवरून चालणं, एवढ्यावर संध्याकाळ निघते. उडी मारायची असेल तर सर्वांत खालच्या पायरीवरूनच, आणि खाली सतरंजी.

एक गोष्ट नवख्या पालकांना हमखास फसवते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मूल अचानक सुसाट सुटतं, सोफ्यावरून उड्या, किंचाळणं, कारण नसताना हसणं. तेवढ्यात बाबा ऑफिसमधून येतात आणि उंच उडवून खेळवायला लागतात. सगळ्यांना वाटतं, अजून केवढी ताकद शिल्लक आहे! खरं तर मूल थकलेलं असतं आणि थकव्यावर मात करायला शरीर स्वतःला जागं ठेवत असतं. अशा वेळी दिवा मंद, आवाज कमी, कोमट पाण्याने हातपाय धुणं आणि अंथरूण. दंगामस्ती सकाळी आणि पाचच्या सुमारास करून घ्या.

३. स्वयंपाकघरात खरं काम द्या

शिकण्याची सर्वांत समृद्ध जागा हीच. गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत ते नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले, खडे हीच साधनं झाली. ती आजही तितकीच उपयोगी आहेत. तीनच्या आतल्या मुलासाठी फक्त आकार मोठे घ्यायचे.

मेथी निवडण्यापासून सुरुवात करा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, मध्ये एक ताट, मुलाच्या उजव्या हाताला रिकामी वाटी. अख्खी जुडी पुढे ठेवू नका, आठ-दहा काड्या पुरेत. तुम्ही समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे तुमचा हात त्याला उलटा दिसत नाही. आता न बोलता एक काडी डाव्या हातात उभी धरा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत एक पान पकडा. किंचित खाली ओढा. पान सुटताना बारीकसा टक् आवाज होतो, तो मुलाला ऐकू जाऊ द्या. पान वाटीत टाका. असं तीनदा करा आणि चौथी काडी त्याच्या हातात द्या.

पहिल्या दिवशी मूल काडी चुरगाळेल, पान तोंडात घालेल, कडू लागल्यावर तोंड वाकडं करेल. चालू द्या. काही दिवस ते मुठीने पानं ओरबाडतं, मग हळूहळू चिमूट जमते. हीच चिमूट पुढे बटण लावते आणि पेन्सिल धरते. तीनच्या आत पाटी गिरवायला लावण्यापेक्षा मेथीची जुडी कितीतरी जास्त उपयोगाची.

इथे चुका मोठ्यांच्या होतात. मुलाने निवडलेली पानं त्याच्यासमोर पुन्हा निवडली, तर त्याला कळतं की आपलं काम खोटं होतं. दर पानाला "व्वा, शाब्बास!" म्हटलं तर मूल पानाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं आणि तंद्री मोडते. तंद्री लागली की गप्प बसणं ही मदत असते. जेवताना मात्र सांगा, "ही तू निवडलेली मेथी." गवार आणि श्रावणघेवडा मोडणं, कोथिंबिरीची पानं खुडणं, लसणाचा अख्खा गड्डा चोळून वरची टरफलं काढणं हेही याच पद्धतीने. मटार सोलणं अडीचच्या पुढे, आणि हाताच्या अंतरावर बसूनच. मटार, राजमा, हरभरे नाकात घालण्याची या वयातली सवय कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जाते.

दुसरं काम ओतण्याचं. यासाठी काचेचे ग्लास नको आणि प्लास्टिकचेही नको, हलक्या प्लास्टिकचा ग्लास जरा धक्का लागला की कलंडतो. मुलाच्या मुठीत मावतील असे स्टीलचे दोन छोटे पेले घ्या. दोन्ही एका परातीत ठेवा, परातीखाली दुमडलेला जुना टॉवेल. एका पेल्यात साधारण १०० मिलिलीटर पाणी, म्हणजे अर्ध्याच्या जरा वर. काठोकाठ भरलेला पेला उचलतानाच सांडतो आणि मूल हिरमुसतं. तुम्ही एकदा हळू ओतून दाखवा, काठ काठाला टेकवून, थेंब संपेपर्यंत थांबून. मग त्याला द्या. सांडलेलं पाणी पुसायला हातरुमालाएवढं फडकं शेजारी ठेवा आणि पुसणं हाही खेळाचाच भाग धरा. बहुतेक मुलांना ओतण्यापेक्षा पुसणं आणि पिळणं जास्त आवडतं. पाणी चालू असताना फोन घ्यायला उठायचं नाही. खेळ संपला की परात लगेच रिकामी.

दोन-तीन आठवड्यांत पाण्याची धार जमली की छोट्या तांब्यातून पेल्यात, मग जेवताना स्वतःच्या पेल्यात. तीन वर्षांचं मूल पाहुण्यांना पाणी नेऊन देऊ शकतं, पेला अर्धा भरलेला असेल तर.

कणकेसाठी एक वाटी कणीक, जवळजवळ अर्धी वाटी पाणी, दोन-चार थेंब तेल. पाणी एकदम नाही, चमच्या-चमच्याने मुलाकडूनच घालून घ्या, त्यात कोरडं पीठ ओलं होताना कसं बदलतं ते बोटांना कळतं. खेळाच्या कणकेत बरेच जण ती टिकावी म्हणून भरपूर मीठ घालतात. या वयाच्या मुलाने असा गोळा गिळला तर ते मीठ त्याला बाधतं, म्हणून मीठ नकोच. लिंबाएवढा गोळा, छोटं पोळपाट-लाटणं. दुसऱ्या दिवशी कणीक टाकून द्या.

हे सगळं गॅसपासून चार हात दूर, जमिनीवर. मूल स्वयंपाकघरात असताना मागचा बर्नर वापरा, कढईचे दांडे आत वळवा, आणि काम संपलं की रेग्युलेटर बंद.

४. रोज बाहेर, त्याच्या वेगाने

दीड-दोन वर्षांच्या मुलाबरोबर दोनशे मीटर जायला अर्धा तास लागतो, कारण ते जायला निघालेलं नसतं, बघायला निघालेलं असतं. दूध आणायचं असेल तर एकट्याने जा. मुलाला नेताना घड्याळ घरी ठेवा.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. पिशवीत पाण्याची बाटली, एक जास्तीची चड्डी, ओला-सुका रुमाल, केळं, आणि मुलाच्या 'सापडलेल्या' वस्तूंसाठी एक छोटी कापडी पिशवी. ही पिशवी विसरू नका, नाहीतर खडे तुमच्या खिशात आणि पानं मुलाच्या तोंडात. मागे पट्टा असलेली सँडल घाला, स्लिपर पळताना निसटते. गवत आणि स्वच्छ माती असेल तिथे अनवाणी चालू द्या, तळव्यांना जमिनीचा चढउतार कळतो आणि तोल लवकर सुधारतो. बागेतली पत्र्याची घसरगुंडी आधी हाताच्या पालथ्या बाजूने तपासा, उन्हात ती चटका देते.

रस्त्याचा नियम एकच आणि न बदलणारा: रस्त्यावर हात धरायचा, बागेत मोकळं. बोट धरू देऊ नका, मनगट तुम्ही धरा, कारण बोट सोडवून मूल क्षणात सुटतं. मुलाला वाहनांच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

रोज एकाच वस्तूजवळ थांबण्याचा पाठ ठेवा. सकाळी पारिजातकाखाली पडलेली फुलं एकेक उचलायची, पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ बघायचे. लाजाळू दिसली तर बोट लावून पानं मिटताना पाहायची आणि पुन्हा उघडेपर्यंत थांबायचं. या वयात वाट पाहायला शिकवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. काट्यांपासून बोट जपा. पावसाच्या सुरुवातीला मृगाचा मखमली लाल किडा, नंतर गोगलगाय आणि गांडूळ. गाडीवरची भाजी, खडी उतरवणारा ट्रक, जेसीबीचा दात हेही तितकेच मोलाचे धडे.

काही झाडं ओळखायला शिका आणि त्यांच्यापासून लांब राहा. कण्हेर आणि पिवळी बिट्टी सोसायट्यांच्या कुंपणाला सर्रास लावतात, दोन्ही विषारी आहेत. बिट्टीच्या बियांनी खेळायची जुनी सवय लहान मुलाजवळ नको. धोतरा, एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंजही तशीच. घरातल्या कुंडीत ठिपकेदार पानांचं डिफेनबेकिया असेल तर ते काढून टाका, पान चावल्यावर तोंड आणि जीभ सुजते.

पावसात डबक्यात उडी मारू द्यायला हरकत नाही, पण तळ दिसणाऱ्याच डबक्यात. तुंबलेल्या गढूळ पाण्यात उघडं गटार असू शकतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

५. बोलत राहा, पण प्रश्न विचारत राहू नका

"हे काय आहे? सांग ना, हे काय?" असं दिवसभर विचारलं की मूल बोलायचं टाळतं. त्याऐवजी जे चाललं आहे ते सांगत राहा. मूल "गाडी" म्हणालं की तुम्ही एक शब्द वाढवून परत द्या: "लाल गाडी." ते "बाबा गेले" म्हणालं की "बाबा ऑफिसला गेले." चुकीचा उच्चार सुधारायला लावू नका, बरोबर उच्चार तुमच्या वाक्यात येऊ द्या. बोलून झालं की मनात पाचपर्यंत मोजा. उत्तर जुळवायला मुलाला तेवढा वेळ लागतो आणि आपण नेमकं त्याच क्षणी पुढचं बोलतो.

मराठीत आणखी एक गोष्ट मुलाला ऐकूनच पकडावी लागते, ती म्हणजे लिंग. भांडी लावताना हे सहज होतं: तो पेला, ती वाटी, ते ताट. पेला पडला, वाटी पडली, ताट पडलं. हा खेळ रोज दोन मिनिटं, नियम न सांगता. बेंगळुरूला, दुबईला किंवा अमेरिकेत राहणाऱ्या घरांत तर हे जाणीवपूर्वक करावं लागतं, कारण बाहेर मराठी कानावर पडत नाही. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं ही भीती सोडून द्या. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात.

बडबडगीत म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द गिळा आणि थांबा, मूल तो भरेल. मोजणीसाठी दहापर्यंत पाठ करून घेऊ नका. "दोन बटाटे आण" म्हटल्यावर दोनच येऊ लागले की खरी मोजणी सुरू झाली. जिना चढताना पायऱ्या मोजा. रंगांची नावं तीनच्या आसपास पक्की होतात, त्याआधी धुतलेले मोजे जोडीने लावायला द्या.

चित्रासाठी जाड मेणाचा खडू, किंवा दोन इंची ब्रश आणि बादलीभर नव्हे, पेलाभर पाणी. गच्चीच्या भिंतीवर पाण्याने रंगवायचं, वाळलं की पुन्हा. उभ्या भिंतीवर रंगवताना खांद्यापासून मनगटापर्यंत हात कामाला लागतो आणि काही पुसायचंही नसतं.

६. थयथयाट

बहुतेक थयथयाटांच्या मुळाशी भूक, झोप किंवा अचानक थांबवलेला खेळ असतो. पहिली दोन वेळापत्रकाने सुटतात. तिसऱ्यासाठी आधी सूचना द्या, पण मिनिटांत नाही. "पाच मिनिटांत निघू" याचा दोन वर्षांच्या मुलाला काही अर्थ नाही. "अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी" याला आहे. आणि दोनदा म्हणजे दोनदाच. निवड द्यायची तर दोन वस्तूंची: निळा शर्ट की पिवळा? "काय घालायचं?" या प्रश्नाने भांडणच होतं.

"नाही" हा शब्द जपून खर्च करा. गॅस, रस्ता आणि खिडकी, एवढ्यांसाठी तो राखून ठेवा. बाकीच्या ठिकाणी काय करायचं ते सांगा: "धावू नको" ऐवजी "हळू चाल."

मूल जमिनीवर लोळण घेत असेल तेव्हा समजावणं ऐकू जात नाही. डोकं आपटणार नाही एवढं पाहा, शेजारी बसा, "तुला अजून खेळायचं होतं" एवढं एक वाक्य म्हणा आणि थांबा. हुंदके ओसरले की जवळ घ्या. मागितलेली वस्तू मात्र रडण्याने मिळता कामा नये, आजीकडूनही नाही. हे आजी-आजोबांशी आधीच, मूल झोपलेलं असताना बोलून ठेवा. मुलासमोर त्यांना टोकू नका. बागुलबुवा, पोलिस आणि इंजेक्शनवाले डॉक्टर यांची भीती घालणंही सगळ्यांनी मिळून बंद करावं. नाहीतर हरवलेलं मूल पोलिसाकडे जायचं सोडून लपून बसेल.

मूल चावलं तर आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या. चावणाऱ्याला एवढंच: "चावायचं नाही. दुखतं." त्याला परत चावून दाखवणं हा उपाय नव्हे.

७. झोप, खाणं, मोबाइल

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांपासून १० ते १३. दुपारची झोप साडेतीनपर्यंत संपवा, रात्री साडेआठ-नऊला अंथरूण. गोष्ट, गाणं, दिवा, हा क्रम रोज तोच.

दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. त्याने भूक मरते आणि लोह कमी पडतं. चिऊचा घास, काऊचा घास चालेल, पण ताटासमोर मोबाइल ठेवून भरवू नका, पोट भरल्याची खूण मुलाला कळेनाशी होते. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नाही, अपवाद फक्त परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलचा. दोननंतर दिवसाला तासाच्या आत, आणि शेजारी बसून.

८. कधी दाखवायचं

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, तरी काही गोष्टींसाठी थांबू नये. दीड वर्षापर्यंत चालत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल. हाक मारल्यावर वळून बघत नसेल. किंवा आधी येत असलेलं बोलणं, बघणं, चालणं कुठल्याही वयात मागे गेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. "मुलगे उशिराच बोलतात" या समजुतीवर सहा महिने घालवू नका. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी मोफत होते. जवळच्या अंगणवाडीत सेविकेला विचारा. तिथून गरज असल्यास जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात.

दवाखान्यात मूल बुजतं आणि घरी करतं त्यातलं काहीच करत नाही. म्हणून जाण्याआधी आठवडाभरात तीन-चार छोटे व्हिडिओ घेऊन ठेवा, एकेक मिनिटाचे: एक खेळतानाचा, एक जेवतानाचा, एक मागून हाक मारल्यावरचा, आणि ज्या वागण्याची काळजी वाटते त्याचा. सोबत एका कागदावर मूल म्हणत असलेले शब्द जसेच्या तसे लिहा, "मम" आणि "भूभू"सकट.